मदत हवी आहे: संगीत नाटकात पहिलं पाऊल, पुण्यात कोणाकडे शिकू?

नमस्कार मंडळी. मी २० वर्षांची, राहते कर्वेनगरला. आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय, गायची पट्टी (पेटीवरचा माझा ‘सा’) काळी चार. संगीत नाटकात काम करायचं मनापासून ठरवलंय.

मागच्या महिन्यात एका संस्थेत निवडीसाठी गेले होते. पद (नाटकातलं गाणं) छान झालं म्हणाले. पण संवादातून पदात शिरताना मी अक्षरशः थांबते, सूर घेते आणि मग गाते. तेवढ्यात पात्र हरवतं. शिवाय बैठकीत बसून गायची सवय, त्यामुळे उभं राहून चालत गायलं की श्वास तुटतो. ताना कुठे आवरायच्या, हेही कळत नाही.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ याच पुण्यात रंगभूमीवर आलं, म्हणजे इथे शिकवणारं कोणीतरी असणारच!

गद्य आणि पद दोन्ही एकत्र बसवून घेणारे गुरू सुचवाल का? ऑर्गनच्या साथीने सराव कुठे करता येईल? विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्य घ्यावं की संगीत, तिथे शिकलेल्यांनी जरूर सांगा. आईबाबा तयार आहेत. भरत नाट्य मंदिरात पडद्यामागची कामं मिळाली तरी आनंदाने करेन.