चार सीट म्हणजे चार माणसं नव्हेत

‘सेस्ना १७२ ला चार सीट आहेत, मग चौघं मित्र एकाच विमानात का जात नाही?’ असं वर विचारलंय, म्हणून थोडं लिहितो.

चार दणकट गडी आणि टाक्या काठोकाठ, हे गणित बसत नाही. १७२ एस मॉडेलचं उड्डाणाचं कमाल वजन, विमान, माणसं, इंधन, सामान सगळं धरून, २५५० पौंड. वापरण्याजोगं इंधन ५३ गॅलन, म्हणजे त्याचेच ३१८ पौंड झाले. म्हणून आमच्या लॉस एंजेलिसच्या टोळक्यात माणसं पाच, विमानं दोन. शिवाय वजन विचारलं की प्रत्येक जण चारपाच किलो कमीच सांगतो (सगळ्यात जास्त मीच). आता घरचा काटाच सोबत नेतो.

एका दिवसात जाऊन यायचं तर लॉस एंजेलिससमोरच्या समुद्रातलं कॅटलिना बेट गाठाच. धावपट्टी डोंगरमाथ्यावर, १६०२ फुटांवर. लांबी जेमतेम ३००० फूट आणि मधे चढ, त्यामुळे टेकल्यावर पलीकडचं टोक दिसतच नाही. पहिल्या खेपेला मला वाटलं, संपली पट्टी! असा ब्रेक दाबला की मागच्याच्या मांडीवरचा थालीपिठांचा डबा थेट माझ्या सीटखाली.

मधे वीसेक मैल समुद्र आहे. इंजिन बंद पडलं तर हे विमान दर हजार फूट उंचीमागे साधारण दीड सागरी मैल हवेत तरंगत पुढे जातं. तेव्हा किनाऱ्यावरच उंची गाठून घ्या. आणि लाइफ जॅकेट अंगात घाला, मागे सामानात टाकू नका.