गोव्याच्या मांडवी नदीत स्पीडबोटी सुसाट पळवणाऱ्यांना आवर कोण घालणार?

होडीवाला_दिवाडी
रविवारी संध्याकाळी मुलाला घेऊन वल्ह्याची होडी काढली होती, काठाकाठानं चाललो होतो, मुलगा नऊ वर्षांचा. मागून एक स्पीडबोट आली आणि इतक्या जवळून गेली की आतल्यांचे चेहरे दिसले, आणि मग तिची लाट आली. होडी कलंडता कलंडता राहिली, अर्धी पाण्यानं भरली, मुलगा घाबरून तळाशीच बसला म्हणून निभावलं. अंगात लाईफ जॅकेट होतं दोघांच्या, पण चालवणाऱ्यानं साधं मागे वळून पाहिलं नाही याचा राग अजून जात नाही. बोट निघून जाते, लाट मागे राहते, आणि त्या लाटेनं कुणाचं काय झालं ते बघणं चालवणाऱ्याचंच काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

आउटबोर्ड_११५
दादा, तुमच्या मुलाला काही झालं नाही हे फार बरं झालं. पण मी स्वतः बोट ठेवतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. सगळे बोटवाले माजलेले नसतात. दिवस मावळल्यावर मधल्या प्रवाहात बिनदिव्याच्या होड्या उभ्या असतात, जाळी टाकलेली असतात आणि त्यावर धड खूण नसते, अंगावर येईपर्यंत काही दिसत नाही. आणि 'हळू चालवा' असं सगळे ओरडतात, पण पूर्ण वेगात बोट पाण्यावर उचलली जाते तेव्हा लाट कमी असते, अर्धवट वेग कमी केला की नाक वर, मागचा भाग पाण्यात आणि सगळ्यात मोठी लाट तेव्हाच निघते. म्हणजे नुसता वेग हा गुन्हा नाही.

जुना_खलाशी
आउटबोर्ड बाब, लाटेचं तुम्ही सांगितलं ते खरं, पण त्यातून काढलेला अर्थ चुकला. अर्धवट हळू केल्यानं लाट वाढते तर पूर्ण हळू करा ना, होडीपाशी पोचायच्या बरंच आधी, बोट पाण्यात नीट बसेपर्यंत. मी बरीच वर्षं फेरीबोटीवर काढलीत. रायबंदर-चोडण मार्गावर गाड्या आणि माणसं भरलेली फेरी मधोमध असते, तिला झटक्यात थांबता येत नाही, आणि हे लोक तिच्या नाकासमोरून काढतात! मागून जायला किती वेळ लागतो?
टक्कर टाळायचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात डोळे उघडे ठेवणं आणि थांबता येईल इतकाच वेग ठेवणं हे अगदी सुरुवातीलाच आहे. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. रस्त्यावर आपण डावीकडून जातो ना, म्हणून नवशिके घाबरले की डावीकडेच वळतात. भोंग्याचा एक छोटा आवाज म्हणजे 'मी उजवीकडे वळतोय', दोन म्हणजे डावीकडे. भाड्याच्या बोटी चालवणाऱ्या किती पोरांना हे माहीत आहे ते विचारून बघा.
दिव्याचं मात्र तुमचं बरोबर आहे, वल्ह्याच्या होडीनंसुद्धा निदान टॉर्च हाताशी ठेवून वेळेवर दाखवायचा असतो.

कोरगुटवाली
तुम्ही सगळे माणसांचं बोलताय, बांधाचं कुणीच बोलत नाही. आमचं खाजन शेत नदीला लागून आहे, मधे मातीचा बांध. खारफुटी आहे तिथे लाट अडते, जिथे ती गेली तिथे प्रत्येक लाट सरळ मातीवर. रोज थोडी थोडी माती जाते, मग एखाद्या मोठ्या भरतीला बांध फुटतो आणि खारं पाणी शेतात. कोरगुट भात थोडं खारं सोसतं, पण समुद्रच आत आला तर तेही नाही राहत. बांध बांधायला गावातल्या माणसांचे हात लागतात, बोटवाला कधी आलाय का माती टाकायला?

बागा_सीझन
मी सीझनला पर्यटकांच्या बोटीवर असतो. शिव्या चालवणाऱ्याला पडतात, पण गिऱ्हाईक बसल्या बसल्या 'और तेज भैया' सुरू करतं, मालकाला फेऱ्या जास्त हव्या असतात, आणि हळू गेलो तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा उभा. रोजावरचा माणूस काय करणार? पकडायचं तर मालकाला पकडा.

जुना_खलाशी
मालकाला पकडाच, मी तुमच्या बाजूनं आहे. पण सुकाणू तुमच्या हातात आहे बाबा. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, इंजिनाची चाचणी चालू होती, आणि दहाच्या वर माणसं गेली. तिथे तर चालवणारे प्रशिक्षित होते. 'गिऱ्हाईक म्हणालं' हे त्या घरच्यांना जाऊन सांगता येईल का?

आउटबोर्ड_११५
नीलकमलचं वाचून मीही महिनाभर बोट काढली नव्हती. ठीक आहे, पूर्ण हळू करायचं, तेही आधीपासून, हे मला मान्य. बांधाचा विचार मी खरंच कधी केला नव्हता. पण जाळ्याला खूण आणि होडीत टॉर्च, यावर मी अडून आहे.

होडीवाला_दिवाडी
टॉर्च आजच घेतला. खलाशीबाब, मुलगा विचारतोय की दोन आवाज म्हणजे डावीकडे, तर पाच आवाज म्हणजे काय? त्याला शिट्टी घेऊन द्यायची आहे.

जुना_खलाशी
पाच छोटे, भराभर. 'तू काय करतोयस ते मला कळत नाही'. त्याला हाच आधी शिकवा.