हरणाच्या शिकारीसाठी चकमकीची रायफल : हातघडणीची घ्यावी की कारखान्यातली? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो. येथे १९७४ पासून नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो आणि त्यात केवळ चकमकीवर चालणारी, म्हणजे फ्लिंटलॉक पद्धतीची, ठासणीची बंदूक वापरता येते. पर्कशन टोपीची, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या स्फोटक टोपीवर चालणारी, बंदूकही चालत नाही. या हंगामासाठी मला स्वतःची रायफल घ्यायची आहे आणि अशा बंदुकीने ज्यांनी प्रत्यक्ष शिकार केली आहे, त्यांचा सल्ला हवा आहे.

लँकेस्टर परिसरातील जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात जी लांब नळीची रायफल नावारूपाला आणली, तिच्याच धर्तीच्या दोन बंदुका मी पाहून ठेवल्या आहेत. पहिली एका स्थानिक कारागिराने घडवलेली, वापरलेली. दुसरी इटलीतील कारखान्यातली, कोरी, आणि किमतीने पहिलीच्या निम्म्याहून कमी. दोन्ही पॉइंट ५० कॅलिबरच्या (म्हणजे नळीचे भोक अर्धा इंच रुंद) असल्याने नियमातील किमान पॉइंट ४४ ची अट दोन्ही पूर्ण करतात.

माझी खरी काळजी बार वेळेवर उडण्याची आहे. घोडा पडल्यावर चकमक फ्रिझनच्या, म्हणजे तिच्यासमोरच्या झाकणवजा पट्टीच्या, पोलादावर घासते, ठिणग्या पॅनमधल्या (नळीबाहेरच्या छोट्या वाटीतल्या) रंजकात, म्हणजे पेटवणीच्या दारूत, पडतात आणि रंजकाची ज्योत नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आतल्या दारूपर्यंत पोहोचते. या साखळीत थोडाही विलंब झाला तर नेम हलतो आणि हरीण मरण्याऐवजी जखमी होऊन रानात निघून जाते, जे मला कोणत्याही परिस्थितीत नको आहे. हातघडणीच्या रायफलीत कान पॅनच्या वरच्या कडेच्या रेषेत बरोबर बसवलेला दिसतो आणि फ्रिझनवरून ठिणग्या भरपूर पडतात. कारखान्यातल्या रायफलीत कान किंचित खाली आहे, त्यामुळे तो रंजकाखाली झाकला जाऊन दारू वातीसारखी सावकाश जळेल, अशी मला शंका वाटते. दारू मी खरी काळीच वापरणार आहे, कारण तिचे आधुनिक पर्याय चकमकीच्या बंदुकीत भरवशाने पेटत नाहीत.

नळीतही फरक आहे. पहिलीचे आटे (गोळीला फिरकी देणारे नळीतले पिळदार चर) ६६ इंचांत एक फेरा घेतात, दुसरीचे ४८ इंचांत. मी कापडात गुंडाळलेली शिशाची गोल गोळीच वापरणार असल्याने सावकाश फिरणारे आटे बरे, असे वाचले आहे. मात्र ही सुमारे १८० ग्रेनची (जवळपास १२ ग्रॅमची) गोळी वेग लवकर गमावते आणि मी पन्नास-साठ यार्डांपलीकडे बार टाकणारच नाही, तेव्हा इतक्या अंतरात हा फरक खरोखर जाणवतो का?

कारखान्यातल्या बंदुकीची एक बाजू मात्र मला फार भक्कम वाटते. इटलीत प्रत्येक नळीची सरकारमान्य प्रूफ चाचणी (जादा दाबाचा बार उडवून केलेली मजबुतीची परीक्षा) होऊन तिच्यावर शिक्के उमटवले जातात. अमेरिकेत अशी सक्ती नाही, त्यामुळे हातघडणीच्या बंदुकीच्या बाबतीत सारा भरवसा कारागिरावर आणि मागच्या मालकाने ती किती निगुतीने धुतली यावर राहतो. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि आतून गंज चढवते, हे आपण सारे जाणताच.

किब्लरसारख्या बंदूक-संच बनवणाऱ्यांच्या, यंत्रावर अचूक कापलेल्या सुट्या भागांच्या संचाचा पर्यायही एका मित्राने सुचवला, परंतु हंगामापूर्वी तो जोडून पूर्ण करण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

माझा कल हातघडणीच्या रायफलीकडे आहे. तरी जाणकारांनी कृपया दोन गोष्टी सांगाव्यात : वापरलेल्या नळीची आतली बाजू आणि मागचा ब्रीच प्लग (नळीचे मागचे तोंड बंद करणारा खुंट) विकत घेण्यापूर्वी कसा तपासून घ्यावा, आणि कारखान्यातल्या रायफलीचा कान नवा लायनर (भोकात बसवायची छोटी धातूची नळी) बसवून योग्य जागी आणता येतो का, की मूळचे भोक चुकले असल्यास त्या खर्चात पडू नये?