मदत हवी आहे : फेब्रुवारीतल्या लग्नासाठी कोणतं बेट?

नमस्कार मंडळी. ताईचं लग्न फेब्रुवारीत आहे आणि दोघांनाही ते समुद्रकाठीच करायचंय. पाहुणे साठेक, बहुतेक कोल्हापूर-इचलकरंजीचे. घरात बाली, मॉरिशस आणि अंदमान ही नावं फिरतायत. बालीत तेव्हा पावसाळा असतो, मॉरिशसला चक्रीवादळांचा मोसम, शिवाय सगळ्यांचे पासपोर्ट काढायचे. मॉरिशसला मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात, म्हणून बाबांचा जीव तिकडे ओढतोय. मला विचाराल तर अंदमानच. तेव्हा तिथे हवा कोरडी असते, व्हिसाचाही प्रश्न नाही.

पण हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पोर्ट ब्लेअरहून बोटीने जावं लागतं. आजीचे गुडघे धरलेत, तिला धक्क्यावरून हलत्या बोटीत चढवायचं कसं? तिच्याशिवाय अक्षता पडणार नाहीत, हे पक्कं. कुणी ज्येष्ठांना नेलंय का? व्हीलचेअर मिळते का?

किनाऱ्यावरच्या वाऱ्यात होम नीट पेटतो का, की मांडवाला कनात लावावी लागते? रिसॉर्टवाले वाळूवर होम करू देतात का? आणि दुसऱ्या दिवशीच्या तांबड्या-पांढऱ्यासाठी आपला आचारी नेता येतो का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा, याच महिन्यात बुकिंग करायचंय.