कोर्टानं नुसतं ‘मालक’ जाहीर करून काय होतं? डिक्लेरेशनच्या दाव्यावर

निशाणी पाच :
काल मखमलाबादकरांनी इथं ठोकून दिलं की डिक्लेरेशनचा दावा (कोर्टाकडून आपला हक्क जाहीर करून घेण्याचा) हा वकिलांनी पोटापाण्यासाठी काढलेला उद्योग आहे. सातबारा नावावर असला की मालकी झाली. आणि कोर्टानं ‘वादी मालक आहे’ असं जाहीर केलं तरी त्या हुकूमनाम्याची दरखास्त (कोर्टामार्फत अंमलबजावणी) होत नाही, मग तो फ्रेम करून भिंतीवर लावायचा का? खाली अंगठ्यांची रांग. या सल्ल्यावर उद्या कुणी स्वस्थ बसलं आणि मुदत गेली तर अंगठे देणारे मदतीला येणार नाहीत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी सातबारा. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नं नोंद खरी असल्याचं गृहीत धरलं जातं, पण विरुद्ध शाबीत होईपर्यंतच. सुप्रीम कोर्टानं १९९६ ला सावर्णी आणि १९९७ ला बलवंत सिंग या खटल्यांत साफ सांगितलंय की फेरफारानं (हक्कनोंदीतल्या बदलानं) मालकी येत नाही आणि जातही नाही. ती नोंद सारा कुणाकडून वसूल करायचा यासाठी.

आता कोर्टाचा अधिकार. विशिष्ट अनुतोष कायदा १९६३, कलम ३४. तुमचा कायदेशीर दर्जा किंवा मिळकतीतला हक्क कुणी नाकारत असेल, किंवा नाकारण्यात त्याचं हित असेल, तर कोर्ट तो हक्क जाहीर करू शकतं. ‘करू शकतं’, केलंच पाहिजे असं नाही. तो विवेकाधीन अधिकार आहे. हे काल-परवाचं खूळ नाही. १८५९ च्या दिवाणी संहितेत कलम १५ होतं, १८७७ च्या कायद्यात ४२ आलं, तेच आजचं ३४. शिवाय १९६७ च्या वेमारेड्डी निकालानं सांगितलं की या कलमात न बसणारी घोषणासुद्धा कोर्ट आपल्या सर्वसाधारण दिवाणी अधिकारात देऊ शकतं.

दरखास्त होत नाही हे खरं. म्हणूनच ३४ ला परंतुक आहे : पुढची दाद मागता येत असताना वादीनं ती मागितली नाही तर कोर्टानं घोषणा द्यायची नाही. ताबा तुमच्याकडे असेल तर मागणी अशी हवी : ‘अ) दावा मिळकत वादीच्या मालकीची असल्याचे जाहीर व्हावे. ब) प्रतिवादीने स्वतः वा इतरांमार्फत वादीच्या ताब्यास हरकत करू नये अशी निरंतर मनाई व्हावी.’ ताबा समोरच्याकडे असेल तर ‘ब’ मध्ये मनाई नाही, ‘खुला व प्रत्यक्ष ताबा देववावा’. मनाईची दरखास्त होते, ताब्याचीही होते. अ हा पाया, ब ही भिंत. नुसता पाया खणून घर राहण्याजोगं नाही अशी तक्रार करायची याला काय म्हणावं?

मखमलाबादकर :
वा! म्हणजे काम करणार ‘ब’ आणि फी लागणार ‘अ’ ची. मग सरळ मनाईचाच दावा टाका ना. निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे दाव्याच्या निकालापर्यंत तूर्तातूर्त मनाई, विषय संपला. माझं म्हणणं हेच होतं.

निशाणी पाच :
२००८ चा अनाथुला सुधाकर निकाल वाचा. ताबा निर्विवाद आणि मालकीवर खरा वाद नसेल तर नुसती मनाई चालते. पण समोरच्याकडे त्याच गटाचं नोंदलेलं खरेदीखत असेल तर मालकीवर ढग आला. मग घोषणा मागावीच लागते. रिकामा प्लॉट असेल तर आणखी पंचाईत, कारण तिथं ताबा कुणाचा हेच मालकीवरून ठरतं. नुसत्या मनाईच्या दाव्यात कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) येते, मालकीचा गुंतागुंतीचा वाद निघतो आणि कोर्ट म्हणतं, सविस्तर दावा घेऊन या. तोवर चार वर्षं गेलेली.

जुना सर्कल :
वकील मंडळींनी एकमेकांना कलमं ऐकवून झाली असतील तर आम्हा महसूलवाल्यांचंही ऐका. तलाठ्याला (आता म्हणे ग्राम महसूल अधिकारी) आणि तहसीलदाराला प्रतिवादी का करता हो? महसूल संहितेचं कलम १५८ : हक्कनोंदीत नाव लावा, काढा, दुरुस्त करा यासाठी सरकारविरुद्ध दावाच चालत नाही. वर दिवाणी संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस दिलेली नसते. पहिल्याच तारखेला सरकारी वकील तोच मुद्दा काढतात आणि दावा तिथंच लंगडतो. ज्याच्याशी भांडण त्याच्यावर दावा करा, हुकूमनामा आणा, नोंद आम्ही घेतो.

आणि हुकूमनामे तरी कसे येतात? दाव्यात १९६० सालच्या खरेदीखतावरून उतरवलेला सर्व्हे नंबर. गावात जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण होऊन गट पडलेत, सर्व्हे नंबर अस्तित्वात नाही. क्षेत्र एकर-गुंठ्यात, सातबारा हेक्टर-आरमध्ये. पोटहिस्सा कुठला ते नाही, चतु:सीमेत ‘पूर्वेस नाला’, आणि तो नाला कधीच बुजवलाय. अशा हुकूमनाम्यावर फेरफार धरायचा कसा? मग गावभर बोंब, तलाठी कोर्टाला जुमानत नाही.

निशाणी पाच :
वर्णनाचं मान्य, शंभर टक्के आमची चूक. एकत्रीकरण योजनेचा उतारा दाव्यासोबत लावायला पाच मिनिटं लागतात. पण सर्कलसाहेब, बरोबर वर्णनाचा हुकूमनामा आणला तरी ‘अपिलाचं काय ते आणा’ म्हणून परत पाठवतात त्याचं काय? जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. ती संपली, किंवा अपील झालं पण स्थगिती नाही, तर दिवाणी संहितेच्या ऑर्डर ४१ रूल ५ प्रमाणे नुसत्या अपिलानं हुकूमनामा थांबत नाही.

जुना सर्कल :
महसूल संहितेच्या कलम १५० ची, फेरफाराची नोटीस निघाली की हरणारा हरकत घेतो. हरकत आली की तक्रार नोंदवहीत घ्यावीच लागते. त्यावर निर्णय, त्यावर प्रांताकडे ६० दिवसांत अपील. पद्धत आहे ती. आडमुठेपणा म्हणा हवं तर.

कोर्टफी तिकीट :
मूळ दुखणं कुणीच सांगत नाहीये. लोक ताबा का मागत नाहीत? मूर्ख म्हणून नाही. फीची शिडी बघा. महाराष्ट्र कोर्टफी कायदा, कलम ६(४)(ड) : स्थावराच्या मालकीची नुसती घोषणा मागितली तर ताब्याच्या दाव्याला लागणाऱ्या फीच्या एक चतुर्थांश. सोबत मनाईसारखी दाद मागितली तर निम्मी. सोबत ताबा मागितला तर पूर्ण. खरेदीच रद्दबातल ठरवून मागाल तर ६(४)(हअ), मिळकतीच्या किमतीवरच्या फीच्या निम्मी. म्हणजे एकीकडे पायरीपायरीनं फी चढवायची आणि दुसरीकडे ३४ च्या परंतुकानं सांगायचं की वरच्या पायरीवर चढला नाहीस तर घोषणाही नाही. हा सापळा नाही तर काय?

निशाणी पाच :
सापळा मुद्दाम लावलेला आहे आणि कोर्टानं ते लपवलेलं नाही. २०१४ च्या वेंकटराजा निकालात परंतुकाचे हेतू दोन सांगितलेत : एकाच वादावर अनेक दावे होऊ नयेत आणि कोर्टफीचं नुकसान होऊ नये. पण शेतजमिनीत ही रड चालणार नाही. पूर्ण सारा भरणाऱ्या जमिनीचं मूल्यांकन बाजारभावानं होत नाही, आकाराच्या (जमिनीवर बसवलेल्या साऱ्याच्या) पटीत होतं. सातबारावर आकार पाच-दहा रुपये. त्याच्या कितीही पटी करा, पूर्ण फीसुद्धा बाजारभावाच्या मानानं नगण्य. चिमटा बसतो तो घराला आणि फ्लॅटला.

दिंडोरी रोड :
थांबा. कोर्टफी कायद्याच्या ६(५) मध्ये ‘घर किंवा बाग’ असेल तर बाजारभाव आणि ‘जमीन’ असेल तर आकाराच्या पटी असं आहे. मग द्राक्षबाग काय? दिंडोरी-निफाडात अर्धं क्षेत्र मांडवाखाली आहे. अँगल, तारा, ठिबक, वर प्लास्टिकचं आच्छादन. याला जमीन म्हणायचं की बाग?

कोर्टफी तिकीट :
बाग. नावातच आहे. बाजारभाव लावा.

दिंडोरी रोड :
नावात काय, लासलगावला ‘कांद्याचं मार्केट’ म्हणतात, शेअर मिळतात का तिथं? द्राक्ष हे पीक आहे. सातबाराच्या खालच्या भागात, नमुना १२ मध्ये, ते पीक म्हणूनच लिहितात. वेली काढून उद्या टोमॅटो लावला तर दाव्याचं मूल्यांकन बदलणार का? कायद्यातली बाग म्हणजे बंगल्याभोवतीची, आमराईसारखी, जिचं मोल तिच्या झाडांत आहे ती.

कोर्टफी तिकीट :
आणि मांडवाचं मोल वेलीत नाही तर कशात? एकरी लाखोंचा खर्च बँकेला कर्ज घेताना सांगायचा आणि कोर्टात आलं की ‘साहेब, आकार सात रुपये चाळीस पैसे’. दोन तोंडांनी बोलायचं.

दिंडोरी रोड :
तोंड सांभाळून. द्राक्ष उत्पादकाला लबाड म्हणायला कुणी सांगितलंय तुम्हाला?

बार रूम चहा :
अहो, शांत व्हा. हा वाद आपल्यात कितीही पेटला तरी प्रतिवादीला त्यातून फार काही मिळत नाही. कोर्टफी हा वादी आणि सरकार यांच्यातला मामला, १९६१ पासून सुप्रीम कोर्ट तेच सांगतंय. मूल्यांकन कमी ठरलं तर ऑर्डर ७ रूल ११ खाली दावा लगेच फेटाळत नाहीत. आधी मुदत देऊन दुरुस्त करायला लावतात, फी भरायला लावतात. तेव्हा कमी पटीनं दाखल करायचा, आक्षेप आला तर तयारी ठेवायची. दोघांनी दोन फुल चहा घ्या.

आणि स्त्री वादी असेल तर मिळकतीच्या वादात फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना. त्यांच्यापुरती शिडीच नाही. तरीही बहिणींचे दावे नुसत्या घोषणेचे येतात, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. भावांनी वारस नोंदीत बहिणीला वगळलं की दावा टाकतात ‘वादी ही मयताची वारस असल्याचे जाहीर व्हावे’. तेवढ्यावर काय होणार? वाटप आणि स्वतंत्र ताबा मागा. वाटपाच्या हुकूमनाम्यानंतर शेतजमीन दिवाणी संहितेच्या कलम ५४ खाली कलेक्टरकडे जाते, मोजणी होते, हिस्सा हातात पडतो. नुसत्या वारस-घोषणेनं फार तर सामाईकात नाव लागेल, बांध पडणार नाही.

मखमलाबादकर :
बघा, शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात. नुसत्या घोषणेनं काही होत नाही. हेच मी काल लिहिलं तर अंगावर धावून आलात.

निशाणी पाच :
तुम्ही लिहिलंत की घोषणेची गरजच नाही. आम्ही म्हणतोय की नुसती पुरत नाही. यात फरक दिसत नसेल तर सिटी सर्व्हेचं आणि तलाठ्याचं ऑफिस एकच म्हणा. आणि काही ठिकाणी नुसती घोषणाही पुरते. नोकरीतली जन्मतारीख. सात वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा मृत्यू. तिथं पुढची दाद मागण्यासारखी नसते.

बार रूम चहा :
बेपत्ताच्या दाव्यात एक खाच आहे. सात वर्षं झाली की मृत्यू गृहीत धरतात, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८, आता नव्या साक्ष्य अधिनियमाचं १११. पण मृत्यूची तारीख गृहीत धरत नाहीत. एलआयसी विरुद्ध अनुराधा, २००४. सातवं वर्ष भरलं त्या दिवशी मेला असं आपोआप होत नाही. अमुक तारीख हवी असेल तर पुरावा द्या. त्यात पोलिसातली मिसिंगची नोंद नसेल तर उलटतपासात पहिला प्रश्न तोच.

मखमलाबादकर :
बरं. मुदत गेली तर, असं सुरुवातीला म्हणालात. मालकी हक्काला मुदत कसली? बारा वर्षं आहेत की.

निशाणी पाच :
ताब्याला बारा, मुदत कायद्याचा अनुच्छेद ६५. नुसत्या घोषणेला तीन, अनुच्छेद ५८, आणि तीही हक्क ‘प्रथम’ नाकारला गेला त्या दिवसापासून. २०११ च्या खत्री हॉटेल्स निकालात हा ‘प्रथम’ शब्दच गळ्याशी आला. नोटिशीच्या उत्तरात ‘तुमचा काही संबंध नाही’ असं लिहून आलं की घड्याळ सुरू. नंतर दहा वेळा नाकारलं म्हणून दहा वेळा सुरू होत नाही.

जुना सर्कल :
म्हणजे विरुद्ध फेरफार पडला की तीन वर्षं?

निशाणी पाच :
नाही, तेवढ्यावर नाही. २०१० च्या दया सिंग निकालात आहे की नुसत्या विरुद्ध नोंदीनं मुदत सुरू होत नाही, हक्काला स्पष्ट धोका निर्माण व्हावा लागतो. पण तुमच्या नोटिशीवर सही करून हरकत घेतली असेल तर ‘माहीत नव्हतं’ म्हणायला तोंड उरत नाही.

आणि घोषणेसोबत ताबा मागितला तर बाराच वर्षं मिळतात. २०१९ चा सोपानराव निकाल, आपल्याच राज्यातला. म्हणजे ताबा मागायचं टाळून फी वाचवणारा परंतुकात तर अडकतोच, वर नऊ वर्षंही घालवतो. मग साक्षीपुरावा झाल्यावर ऑर्डर ६ रूल १७ चा दुरुस्ती अर्ज. २००२ नंतर सुनावणी सुरू झाल्यावर कोर्ट विचारतं, आधी का नाही सुचलं? २०२४ च्या वसंता निकालात ताबा न मागितल्यानं दावाच चालण्यायोग्य नाही ठरला.

बार रूम चहा :
कैफियतीत कुळाचा मुद्दा निघाला तर ते सगळं बाजूला. कूळ कायद्याच्या ८५अ खाली तो मुद्दा तहसीलदाराकडे जातो आणि दावा तिथंच तिष्ठत बसतो.

मखमलाबादकर :
ठीक आहे. सातबारा म्हणजे मालकी नाही, हे मागे घेतो. ‘वकिलांचा उद्योग’ मागे घेत नाही. एक सांगा : ताबा आपल्याकडे, समोरच्याकडे खरेदीखत, सही आपली नाही. खरेदीखत रद्द मागायचं की घोषणा?

निशाणी पाच :
सही तुमची असती तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३१ खाली रद्द करून मागायचं. तुम्ही दस्तात पक्षकारच नाही, तर तो दस्त तुमच्यावर बंधनकारक नाही अशी घोषणा मागायची. सुहृद सिंग, २०१०. सोबत मनाई. आणि खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून आधी काढा, दस्त क्रमांक आणि तारीख मागणीत लिहा.

जुना सर्कल :
गट नंबर, पोटहिस्सा आणि क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. एकर लिहाल तर मी परत पाठवीन.

दिंडोरी रोड :
आणि द्राक्षबाग जमीनच आहे.