मदत हवी आहे: ओटीत आलेली साडी परत कशी करू?

कोथरूडला एका मुलाची एबीए (वर्तनावर आधारित थेरपी) सेशन्स त्याच्या घरी घेते. (नाव-गाव विचारू नका.) परवा हळदीकुंकवाला त्याच्या आईने ओटी भरली. पिशवीत नारळाखाली साडी निघाली, किमतीची चिठ्ठी तशीच: २,४०० रुपये!

आरबीटी, म्हणजे अशी सेशन्स घेणाऱ्यांचं अमेरिकन सर्टिफिकेट, त्याच्या आचारसंहितेत भेटीची मर्यादा १० डॉलर, किंवा त्या देशातल्या क्रयशक्तीनुसार तेवढीच. माझ्याकडे ते सर्टिफिकेट नाही, पण सेंटर तोच नियम पाळतं. सुपरवायझर 'परत कर' एवढंच म्हणाल्या. गेले, तर 'ओटीचं कुणी परत करतं का?' म्हणत आजींचा चेहराच पडला. घडी मोडलेली नाही. केसही सोडायची नाहीये. मूल आत्ता कुठे पाणी मागायला शिकतंय.

असं झालेल्यांनो, नेमक्या कोणत्या शब्दांत परत केलंत? नारळ-तांदूळ ठेवून घेतले तर चालतं का?