नवख्यांची गोल्फ स्पर्धा: स्टेबलफोर्ड, स्क्रॅम्बल की सरळ स्ट्रोक प्ले?

सातनंबरी:
नवख्यांच्या स्पर्धाही १८ होल, स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजायचे), शेवटचा पट (भोकाजवळचा हलका फटका) होलात पडेपर्यंत, अशाच का ठेवतात? एका होलवर ११ फटके लागले की त्या माणसाचा दिवस तिथेच संपतो, आणि मागचे दोन गट टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) ताटकळतात ते वेगळंच. माझं मत: ९ होल, स्टेबलफोर्ड, म्हणजे फटक्यांऐवजी गुण. हँडिकॅप (कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट) वजा जाता पारला (होलसाठी ठरलेले फटके) २ गुण, बोगीला (एक जास्त) १, बर्डीला (एक कमी) ३. डबल बोगी (दोन जास्त) झाली की शून्य. चेंडू उचला, पुढे चला. हा प्रकार १९३२ साली इंग्लंडच्या वॉलसी क्लबात खेळवला गेला होता, त्यामुळे नवं खूळ म्हणून उडवून लावू नका.

बंकरवासी:
साफ असहमत. उचलायची मुभा मिळाली की चार फुटांचा पट कोणी शिकत नाही, आणि सव्वाचार इंचांचं ते भोकच तर खेळाची खरी परीक्षा घेतं. वेळ वाचवायचाय ना? मग २०१९ चे नियम आधी पाळा. चेंडू शोधायला पाचाऐवजी ३ मिनिटं. ज्याची तयारी झाली त्याने मारावं, 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' नको. झेंडा न काढता पट मारता येतो. चेंडू झाडीत गेल्याची शंका आली तर प्रोव्हिजनल (राखीव दुसरा चेंडू) तिथल्या तिथे मारा. शोधून परत टीवर चालत येण्यात सगळा गट अडतो.

पुढचीटी:
तुम्ही दोघं गुणांवरून भांडताय, नडतं मात्र अंतर. ढोबळ हिशेब: ५ आयर्न (मारायच्या काठीचा, म्हणजे क्लबचा, एक प्रकार) जितके यार्ड जातं त्याला ३६ ने गुणा. १३० यार्ड जात असेल तर ४,६८० यार्डांचा कोर्स पुरे. तरी गडी मागच्याच टीवर उभा, कारण पुढच्या टीला 'लेडीज टी' म्हणतात! नुसत्या रंगाने ओळखा, निम्मा अहंकार तिथेच गळेल.

सामानाचंही तेच. १४ क्लब ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. ५ हायब्रिड, ७ आणि ९ आयर्न, सँड वेज, पटर: पाचांत भागतं. ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) नंतर घ्या. त्याचा लॉफ्ट (तोंडाचा कल) १० अंशांच्या आसपास. फेस (तोंड) जरा उघडा राहिला की चेंडू केळ्यासारखा वळतो. ७ आयर्नला बॅकस्पिन (उलटी फिरकी) जास्त, म्हणून तीच चूक कमी दिसते.

चौकडी:
स्क्रॅम्बल कसं कुणी काढलं नाही? चौघं मारतात, सर्वांत चांगला चेंडू निवडून तिथून पुन्हा चौघं. संघाचा हँडिकॅप काढताना चौघांचे हँडिकॅप कमी ते जास्त अशा क्रमाने २५, २०, १५, १० टक्के धरतात. फसतं ते एकाच ठिकाणी: दरवेळी तरबेज खेळाडूचाच चेंडू निवडला जातो. म्हणून प्रत्येकाचे किमान दोन टी-शॉट वापरायचे, ही अट आधीच घाला.

बंकरवासी:
पिकनिकला उत्तम! पण तो स्कोअर हँडिकॅपसाठी धरत नाहीत, स्टेबलफोर्डचा निदान धरतात.

सातनंबरी:
सगळेच हँडिकॅपसाठी येत नाहीत हो. चेंबूरला कोर्सालगतच्या वस्तीत सळई वाकवून केलेल्या क्लबांनी, प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीत गोल्फ खेळलेलं आहे. त्याला गोल्फ म्हणायचं नाही का?

आणि सवलत दिली की खेळ पातळ होतो, हेही पटत नाही. २०२३ पासून अपंग खेळाडूंसाठीचा नियम २५ मूळ नियमांतच आहे. अंध खेळाडूला बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) क्लब वाळूला टेकवता येतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याचा चेंडू बंकरमध्ये अडकला, तर बाहेर ड्रॉप घेताना (चेंडू बाहेर टाकून खेळताना) त्याला दोनाऐवजी दंडाचा एकच फटका.

बंकरवासी:
नियम २५ बद्दल वाद नाही. तिथे अडचण शरीराची आहे, कंटाळ्याची नाही. तडजोड म्हणून एवढं मान्य: नियम २१.२ चा मॅक्झिमम स्कोअर (एका होलला फटक्यांची कमाल मर्यादा). कमिटीने डबल पार (पारच्या दुप्पट) ठरवावा. पार ४ वर ८ झाले की उचला. त्याआधी मात्र पट होलात घालावाच लागेल, 'गिमी' (जवळचा पट न मारताच धरून टाकणं) नाही.

सातनंबरी:
डबल पारने पार ३ वर सहालाच गाडी थांबते. टी-शॉट बंकरमध्ये गेला तर नवख्याचे चार तिथेच जातात. नेट डबल बोगी (पार अधिक २, अधिक त्या होलला हँडिकॅपचे मिळणारे फटके) धरा: ५४ हँडिकॅपवाल्याला प्रत्येक होलला ३ फटके मिळतात, म्हणजे पार ३ वर ८.